रंधा धरणाऱ्या हाताचा दावा

गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठच्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॉल्या दिवसरात्र धावू लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याची खात्री कुणी देत नाही. २०२१ च्या जानेवारीत आष्ट्याहून सांगलीकडे मोटारसायकलवरून परतणारा माझा धाकटा भाऊ रात्री अशाच एका ट्रॉलीवर आदळला. ट्रॉली धावत नव्हती. तिचे चाक पंक्चर झाले म्हणून चालकाने ती सोडून ठेवली होती आणि पुढची ट्रॉली घेऊन तो कारखान्याकडे निघून गेला होता. अंधारात उभ्या असलेल्या त्या उसाच्या ढिगामागे ना दिवा होता, ना झाडाची फांदी, ना दगड. हेल्मेटमुळे भावाचे डोके वाचले. उजव्या मांडीचे हाड मोडले आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला.

तो सुतार आहे. तेव्हा चौतीस वर्षांचा होता. दरवाजे, चौकटी, देव्हारे, स्वयंपाकघरातली कपाटे अशी कामे तो गावोगाव जाऊन करायचा, आणि घरात त्याची बायको, मुलगी आणि आमची आई त्याच कमाईवर होती. मी शिक्षिका आहे, पगारदार आहे, म्हणून कागदपत्रांचे काम आपोआप माझ्याकडे आले. पुढच्या काही वर्षांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जे पाहिले आणि शिकले, ते लिहून ठेवण्याचे कारण एवढेच की आमच्या भागात अशी घरे पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच दावा न करताच गप्प बसतात.

गप्प बसण्याचे पहिले कारण लाज हे असते. मांडीत सळई घातलेला मुलगा घरी आला तेव्हा आई म्हणाली, "देवानं जीव राखला, आता आणखी काय मागायचं?" भेटायला आलेल्या एका वयस्क नातेवाइकांनी तर स्पष्टच सांगितले, की हाताचे पैसे करणे बरे दिसत नाही. ट्रॅक्टरचा मालक शेजारच्याच गावचा, चार लग्नांत भेटलेला. त्याच्याकडून दोन माणसे आली, औषधपाण्यासाठी काही रक्कम देतो, कोर्टकचेरी नको, आपसांत मिटवू म्हणाली. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण ती रक्कम शस्त्रक्रियेच्या बिलाच्या निम्मीही नव्हती, आणि मिटवायचे म्हणजे पुढे काहीही मागायचे नाही असे लिहून द्यायचे होते.

त्या वेळी आईला जे समजावून सांगितले तेच आजही प्रत्येकाला सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. वाहनमालकाच्या गाडीचे नुकसान भरून काढण्यासाठी ही सक्ती केलेली नाही. त्या वाहनामुळे ज्याचा हातपाय जाईल, ज्याच्या घरचा माणूस जाईल, त्याला मालकाच्या ऐपतीकडे न बघता पैसे मिळावेत एवढ्यासाठीच ती केली आहे. तुम्ही-आम्ही भरलेल्या हप्त्यांतून ते पैसे येतात. ते मागण्यात कुणाशी वैर धरल्यासारखे काही नाही आणि हात पसरल्यासारखेही काही नाही. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. इतक्या घरांनी देवाने राखले किंवा देवाने नेले म्हणून गप्प बसायचे ठरवले, तर कायद्याने उभी केलेली ती सारी तजवीज कुणासाठी?

दाव्याची पहिली अडचण पोलीस ठाण्यातच उभी राहिली. नोंदवलेल्या वर्दीत लिहिले होते, "मोटारसायकलस्वाराने उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली." शब्द खरेच होते, पण त्या वाक्याने गुन्हा भावाच्याच अंगावर आला. पाठीमागून धडकणारा तो चुकीचा, हा समज इतका पक्का आहे की अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाची बाजू कुणी विचारलीही नाही. आम्हाला तारले ते घटनास्थळ पंचनाम्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या त्या पंचनाम्यात एका हवालदाराने टेप लावून मोजमाप घेतले होते आणि लिहिले होते, की ट्रॉलीचे मागचे उजवे चाक डांबरी रस्त्याच्या कडेपासून चार फूट आत आहे आणि ट्रॉलीच्या पाठीमागील बाजूस दिवा अगर रिफ्लेक्टर दिसून येत नाही. त्या माणसाला मी कधी भेटले नाही, पण त्याने चोख केलेल्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढची सगळी लढाई त्या दोन ओळींवर झाली.

न्यायाधिकरणावर वर्दीतले शब्द बंधनकारक नसतात. फौजदारी खटल्यात लागतो तसा संशयातीत पुरावा इथे लागत नाही, कोणती गोष्ट अधिक संभवनीय आहे एवढेच तोलायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली बिमला देवी खटल्यात स्पष्ट केले आहे. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन रस्त्यावर सोडून जाणे हा कलम १२२ चा भंग आहे. रस्त्यात विनादिवा उभ्या असलेल्या टँकरवर मोटार आदळली त्या अर्चित सैनी खटल्यात, २०१८ साली, मोटारचालकावर टाकलेला अर्धा दोष सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. आमच्या वकीलबाईंनी हे सगळे मांडले. विमा कंपनीने आपल्या लेखी म्हणण्यात तीन गोष्टी पुढे केल्या. मोटारसायकलचा वेग जास्त होता, ही पहिली. विमा फक्त ट्रॅक्टरचा आणि तोही शेतीकामासाठी काढलेला आहे, ट्रॉलीचा नाही, ही दुसरी. आणि अपघाताच्या वेळी ट्रॅक्टर तिथे नव्हताच, म्हणून हा मोटार वाहनाच्या वापरातून झालेला अपघातच नव्हे, ही तिसरी.

तिसऱ्या मुद्द्याने मी हबकले होते, कारण ऐकताना तो बिनतोड वाटतो. पण कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, आणि 'वापर' म्हणजे केवळ धावणे नव्हे हे आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या एका प्रकरणात फार पूर्वी ठरलेले आहे. १९८७ साली सातारा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गावर एक पेट्रोलचा टँकर ट्रकशी टक्कर होऊन रस्त्याखाली उलटला. काही तासांनी सांडलेल्या पेट्रोलने पेट घेतला आणि तिथे जमलेली माणसे त्यात गेली. उलटून पडलेला टँकर वापरात कसा, असाच प्रश्न तेव्हाही उभा केला गेला होता, आणि वाहन उभे असले, बंद पडले असले तरी ते वापरातच धरायचे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. ज्यांची माणसे त्या स्फोटात गेली त्यांनी चिकाटीने दावा चालवला नसता, तर तीस वर्षांनी आमच्या हातात काय होते?

मात्र हे सगळे वकिलांचे काम. घरच्यांनी करायचे काम वेगळे असते आणि ते मला त्याहून कठीण वाटले. ते म्हणजे भाऊ अपघाताआधी किती कमवत होता हे सिद्ध करणे.

पगारदार माणूस पगारपत्रक दाखवतो, आयकराचे विवरणपत्र दाखवतो. सुताराकडे काय असते? कामाचे पैसे अर्धे रोखीत, थोडे फोनवरून, काही उचल म्हणून आधीच घेतलेले. आमच्या भावाकडे एक वही होती. पिवळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, रंध्याचा भुसा पानापानांत अडकलेली. तिच्यात डाव्या बाजूला मापे होती, 'चौकट साडेसहा बाय तीन, सागवान', आणि उजव्या बाजूला मालकाचे नाव, उचल, बाकी. पेन्सिलीने लिहिलेली ती अक्षरे पुसट झाली होती. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून त्या वहीतल्या एकेका कामाला दुसरा पुरावा शोधत गेले. वखारीतल्या लाकडाच्या पावत्या, हार्डवेअरच्या दुकानातली बिजागऱ्यांची बिले, बँकेच्या पुस्तकात फोनवरून आलेल्या रकमा. ज्यांच्या घरी त्याने कपाटे केली होती त्यांतले तिघे साक्षीला यायला तयार झाले, आणि त्यांपैकी एका आजोबांनी तर त्याने बसवलेल्या देव्हाऱ्याचा फोटोच मोठा करून आणला. हळूहळू त्या कागदांतून एका माणसाची दोन वर्षांची मेहनत दिसू लागली, जी आजवर कुठे नोंदली गेलीच नव्हती. सरासरी महिना अठरा हजारांच्या आसपास जात होती.

उलटतपासात विमा कंपनीच्या वकिलांनी भावाला विचारले, "तुम्ही आयकर भरता का?" तो म्हणाला, "नाही." "दुकान कायद्याखाली नोंद?" "नाही." "ही वही तुम्ही अपघातानंतर लिहिली असे मी म्हणतो." त्यावर भाऊ थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "साहेब, अपघातानंतर मला पेन्सिल धरता येत नाही." प्रश्न विचारणे हे त्या वकिलांचे कर्तव्य होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती या गृहीतकाबद्दल आहे, की ज्याच्या कमाईचा कागद नाही त्याची कमाईच नाही. सुदैवाने सर्वोच्च न्यायालयाचे मत तसे नाही. मजुरी करणाऱ्या, असंघटित क्षेत्रातल्या माणसाकडून उत्पन्नाच्या कागदाची अपेक्षा धरू नये असे २०११ च्या रामचंद्रप्पा खटल्यात म्हटले आहे, आणि कागद नाही म्हणून केवळ किमान वेतनाचाच आकडा लावायचा असेही नाही, हे २०२१ मध्ये एका ट्रकचालकाच्या दाव्यात पुन्हा सांगितले गेले.

दुसरा कळीचा पुरावा डॉक्टरांचा. शासकीय रुग्णालयातून मिळालेल्या अपंगत्वाच्या दाखल्यावर कायमचे अपंगत्व ३२ टक्के लिहिले होते. हा आकडा शरीराचा आहे, रोजगाराचा नाही, आणि हा फरक ज्याला कळला नाही त्याचा अर्धा दावा तिथेच बुडतो. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके सुताराचेच उदाहरण दिले आहे: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या घरात धरले जाईल, पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमावण्याची ताकद जवळजवळ पूर्णच गेली, आणि तोच सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकेल. डॉक्टरांनी शरीराचे सांगायचे, कमाई किती बुडाली ते न्यायाधिकरणाने ठरवायचे.

म्हणून आमच्या वकीलबाईंनी डॉक्टरांना टक्केवारीबद्दल फारसे विचारलेच नाही. त्यांनी भावाचा रंधा न्यायालयात आणला होता. तो डॉक्टरांच्या समोर ठेवून त्यांनी विचारले, की हे अवजार चालवताना उजव्या मनगटाला कोणकोणत्या हालचाली कराव्या लागतात आणि त्यांतल्या कोणत्या या रुग्णाला शक्य आहेत. डॉक्टरांनी रंधा हातात घेतला, मूठ धरून पुढेमागे करून पाहिला आणि सांगितले, की मनगट मागे वळवून त्यावर भार द्यावा लागतो आणि या रुग्णाच्या मनगटाचा सांधा प्लेट टाकून जखडलेला असल्याने ते होणार नाही. पटाशीवर हातोडी मारता येईल का? डाव्या हाताने सराव केला तर थोडीफार, पण मांडीच्या दुखापतीमुळे जमिनीवर उकिडवे बसता येणार नाही. न्यायाधीशांनी हे उत्तर शब्दशः नोंदवून घेतले.

या दोन पुराव्यांनी काय फरक पडतो ते आकड्यांतच सांगायला हवे. २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६ आहे, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला सोळाने गुणायचे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे असतात, आणि कायमच्या अपंगत्वातही ती वाढ धरायची हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. विमा कंपनी महिना ८,००० रुपये उत्पन्न धरा म्हणत होती. त्यावर ३२ टक्के लावले तर कमाईचे नुकसान ६,८८,१२८ रुपये येते. न्यायाधिकरणाने महिना १२,००० रुपये धरले आणि कमाईची हानी ५० टक्के ठरवली, तेव्हा तीच रक्कम १६,१२,८०० रुपये झाली. अपघात तोच, मनगट तेच. मधला फरक वही आणि रंधा यांनी पाडला. शस्त्रक्रियेची बिले, वेदना, प्रवास, पुढे प्लेट काढण्याचा खर्च ही सदरे वेगळी मिळाली. 'परिचारकाचा खर्च' या सदराखाली आई आणि भावजय यांनी रात्रंदिवस केलेल्या शुश्रूषेचीही रक्कम धरली गेली, आणि आईला ते वाचून दाखवले तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. घरच्या बाईच्या कष्टाला न्यायालय मोल देते ही गोष्ट तिच्या कधी कानावर आलेली नव्हती.

२०२४ च्या त्या निवाड्यात दोन गोष्टी मात्र मनाला लागून राहिल्या. मोटारसायकलच्या दिव्याच्या प्रकाशात ट्रॉली थोडी आधी दिसायला हवी होती असे म्हणून भावाच्या अंगावर २० टक्के दोष टाकला गेला आणि तेवढी रक्कम कापली गेली. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ट्रॉलीचा विमा नाही आणि ट्रॅक्टर भाड्याच्या ऊसवाहतुकीला लावला होता, हे दोन्ही सिद्ध झाल्यामुळे कंपनीने आधी आम्हाला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत असा आदेश झाला. २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून न्यायालये अशी वाट काढत आली आहेत, आणि जखमी माणसाच्या दृष्टीने ती न्याय्यच आहे. पण ज्याच्याशी वैर नाही असे आम्ही सांगत होतो त्याच्याच दारात आता वसुली जाऊ शकते. त्याच्या घरच्यांनी आमच्याशी बोलणे सोडले आहे. मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझे मत बदललेले नाही. ऊस ओढण्याचे भाडे त्याने घेतले, त्या भाड्यातून ट्रॉलीचा विमा आणि मागच्या बाजूला रिफ्लेक्टरची पट्टी एवढे तरी निघायला हवे होते. ते न केल्याची किंमत भावाच्या हाताने का चुकवावी? आणि वाहतुकीचा करार करताना विम्याचे कागद तपासल्याशिवाय ट्रॉलीला नंबरच द्यायचा नाही असे कारखान्यांनी ठरवले, तर ना शेतकरी बुडेल ना सुतार.

आता शेजारपाजारची माणसे सल्ला विचारायला येतात. त्यांना आधी सांगते ते मुदतीचे, कारण आमच्या वेळी कालमर्यादा नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी त्या भरवशावर घरी बसू नये. दावा अपघाताच्या ठिकाणीच करायला हवा असे नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो, म्हणजे मुंबई-पुण्यात अपघात झालेल्या मुलाच्या आईवडिलांना गावाजवळच तारखा मिळतात. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. मागे बसून जाणाऱ्यांनी आपल्या दुचाकीचा विमा कोणता आहे ते पाहून घ्यावे, कारण नुसत्या तृतीय पक्षाच्या विम्यात मागे बसलेला माणूस येत नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांना अपघातानंतरच कळते. मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची योजना लागू झाली आहे, हेही आवर्जून सांगते, कारण आमच्या वेळी शस्त्रक्रियेआधी पैसे जमवण्यात एक रात्र गेली होती.

विमा कंपनी निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आहे. ट्रॉलीचा विमाच नव्हता, मग आधी तरी आम्ही का भरायचे, हा तिचा प्रश्न आहे. कंपनीने न्यायालयात भरलेल्या रकमेतला काही भाग काढायला परवानगी मिळाली, त्यातून कर्ज फिटले आणि उरलेले मुलीच्या नावाने मुदतठेवीत आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे या अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, आणि जखडलेल्या मांडीने रात्रीचा प्रवास करणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. आमच्या बाजूनेही त्या २० टक्क्यांच्या कपातीविरुद्ध प्रतिहरकत दाखल केली आहे. कागदांवर सही करताना भाऊ म्हणाला, "ताई, पैशासाठी नाही, पण माझी चूक होती असं कागदावर राहायला नको." मी त्याला म्हटले, की पैशासाठीही आहे. नुसत्या कमाईच्या नुकसानावरच ती कपात ३,२२,५६० रुपयांची आहे, ते त्याच्या हाताचे आहेत, आणि तसे अर्जात स्पष्ट लिहिले आहे.